पुंगळीवरची काजळी काय सांगते?

वाणगावच्या पश्चिमेस, समुद्रकिनारी, तारापूरचा किल्ला. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला. बाजी भिवराव गोळी लागून तेथेच पडले. त्या काळच्या तोड्याच्या बंदुकीत दारू नळीच्या तोंडातून ठासत, आणि प्रत्येक बाराला बत्तीच्या छिद्रातून ज्वाला बाहेर फुटे.

बंदूक मागून भरावी, तर सांध्यातून सुटणारा तप्त वायू थेट नेमबाजाच्या चेहऱ्यावर! हा पेच पितळेने सोडवला. ब्रिटिशांनी १८६६ मध्ये स्वीकारलेल्या स्नायडर रायफलसाठी बॉक्सर यांनी पातळ पितळी पत्र्याची पुंगळी घडवली. १८६९ मध्ये खडकीचा दारूगोळा कारखाना उभा राहिला.

बाराच्या दाबाने पितळ फुगते, चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायू कोंडते. दाब ओसरताच ते किंचित आक्रसते, म्हणून पुंगळी सहज निघते.

अमेरिकेत अनेक नेमबाज काडतुसे घरीच भरतात. झाडलेल्या पुंगळीवर काजळी दिसली, की दारू जास्त झाली असे नवख्याला वाटते. बहुधा उलटे असते: दाब अपुरा पडल्याने मान नीट फुगत नाही व धूर मागे पसरतो. मानेपुरती काजळी नित्याची. खांद्याखाली उतरली, तर कारण शोधावे. दाब योग्य असूनही ती आली, तर वारंवार वापराने कडक झालेल्या पितळेवर संशय घ्यावा. अशी मान तापवून मऊ करतात. बुडाला मात्र ती आच लागू द्यायची नाही. ते मऊ झाले तर पुंगळी फुटून वायू मागे येतो.

अनेक लष्करी पुंगळ्यांच्या मानेवरचा निळसर-तपकिरी डाग याच तापवण्याचा असतो.