गॅरेजच्या दाराची काच (अमेरिकी घरांतील)

अमेरिकेतील घराच्या गॅरेजला बसवलेल्या, वर सरकणाऱ्या दारातील तावदान. असे दार आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी जोडून केलेले असते. उघडताना ते रुळांवरून वळत छताखाली जाऊन निजते. सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये ते आणले आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटरही जोडली. १६ फूट रुंद व ७ फूट उंच दार दोन मोटारींसाठी सर्रास वापरतात. आपल्याकडच्या दुकानाच्या शटरमध्ये काचेला जागाच नसते. इथे मात्र घराच्या दर्शनी भिंतीचा मोठा हिस्सा हे दारच व्यापते, त्यामुळे शोभा आणि उजेड या दोन्हींसाठी तावदाने हवीशी वाटतात. न्यू जर्सीत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबालाही पहिली काच तडकली, की हे सगळे शास्त्र शिकावे लागते.

तावदाने बहुधा सर्वांत वरच्या फळीत असतात. तिथून उजेड आत येतो, पण रस्त्यावरच्या माणसाला आतली मोटार सहज दिसत नाही. तरीही अंगण उताराचे असेल किंवा दार थेट पदपथालगत असेल, तर खडबडीत वा दुधी काच बरी.

साधी काच स्वस्त, पण फुटली की तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. टफन काचेचा चुरा होतो, तोही बोथट. तिची अडचण एकच: भट्टीतून निघाल्यावर ती कापता येत नाही, म्हणून माप आधीच अचूक द्यावे लागते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. ती तडकते, पण जागची हलत नाही. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट काचेच्या निम्म्या वजनाचे. पॉलिकार्बोनेट दगडालाही दाद देत नाही, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात. अमोनिया असलेल्या काच-सफाईच्या द्रावणाने तर त्याची दुर्दशाच होते.

निवडीत खरा कस लागतो तो वजनाचा, आणि नेमके तेच दुकानात कोणी विचारत नाही. दाराचा सगळा भार वरच्या स्प्रिंगने तोललेला असतो. ३ मिमी जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला साडेसात किलो. ५० बाय ३० सेंमीची आठ तावदाने धरली, तर एकूण ९ किलो. त्यांच्या जागी दुहेरी काच घातली की १८. जुन्या स्प्रिंगला हा फरक जाणवतो. शिवाय ज्या गॅरेजच्या भिंतीच उष्णतारोधक नाहीत, तिथे दुहेरी काचेवर पैसे घालणे ही निव्वळ हौस.

फ्लोरिडात हिशेब वेगळा. ऑगस्ट १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात गॅरेजची दारे आत ढकलली गेली, वारा घरात घुसला आणि छपरे उडाली. मायामी-डेड परगण्यात आता वादळासाठीच्या तावदानांवर सुमारे ४ किलो वजनाचा लाकडी वासा सेकंदाला १५ मीटर वेगाने आदळवून चाचणी घेतात.

बदलताना दार बंद ठेवून मोटरची वीज काढतात. बहुतेक दारांत आतल्या चौकटीचे स्क्रू सोडवले की काच निघते. जुन्या लाकडी दारांत पट्टी आणि लांबी खरवडावी लागते. माप उघड्या भागाचे न घेता काचेच्या कडेपासून कडेपर्यंत घ्यायचे. अ‍ॅक्रिलिक बसवायचे असेल, तर चारही बाजूंना थोडी फट ठेवावी, कारण ते काचेच्या सातआठ पट प्रसरण पावते; घट्ट बसवलेले तावदान उन्हात फुगून वाकते. स्क्रूही समोरासमोरचे आळीपाळीने आणि हातानेच आवळलेले बरे. ड्रिलचा जोर प्लॅस्टिकच्या चौकटीला सोसत नाही. दुहेरी काचेच्या आत धुके साचले, तर कडेचे सील गेले असे समजावे. पुसून उपयोग नाही, पूर्ण संचच बदलावा लागतो.

शेवटी मोटर सोडवून दार हाताने अर्ध्यावर उचलून पाहतात. ते तिथेच थांबले तर तोल ठीक. खाली येऊ लागले तर स्प्रिंगचा ताण वाढवायला हवा. हे काम मात्र घरमालकाने करू नये. त्या स्प्रिंगमध्ये दाराचे सारे वजन पेलण्याइतका ताण कोंडलेला असतो आणि ताण देताना हातातून सुटलेली सळई हात मोडू शकते.