वयाचा पुरावा आणि नोंदवही : एका अमेरिकी कायद्याचा ऐतिहासिक आढावा

अश्लीलताविषयक कायदे सामान्यतः काय दाखविले आहे याचा विचार करतात. अमेरिकेच्या संघीय दंडसंहितेतील कलम २२५७ मात्र चित्रणातील व्यक्ती सज्ञान असल्याचा लेखी पुरावा मागते. प्रस्तुत लेखात या कलमाची वाटचाल तपासली आहे.

१९८२ मध्ये 'न्यूयॉर्क विरुद्ध फर्बर' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या लैंगिक चित्रणास अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. तथापि वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की नाही, हे चेहऱ्यावरून ठरत नाही. म्हणून १९८८ च्या कायद्याने निर्मात्यावर ओळखपत्र तपासून खरे नाव, जन्मतारीख व टोपणनावे नोंदविण्याचे बंधन घातले. नोंद नसल्यास व्यक्ती अज्ञान असल्याचे गृहीत धरले जाई. १९९० च्या दुरुस्तीने हे गृहीतक वगळून नोंद न ठेवणे हाच गुन्हा ठरविला.

येथेच मूळ पेच उद्भवला. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या खाजगी जाहिराती छापणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेने, या नोंदीमुळे सज्ञान व्यक्तींची अनामिकता नष्ट होते, असा आक्षेप घेतला. २००९ मध्ये सहाव्या संघीय अपील न्यायालयाने तो फेटाळला. २०१६ मध्ये तिसऱ्या अपील न्यायालयाने मात्र अशा नोंदींची वॉरंटविना तपासणी घटनाबाह्य ठरविली.

सारांश, अज्ञानाचे रक्षण करणारी नोंदच सज्ञानाचे खरे नाव शासनापुढे उघड करते. अशी नोंद कोणी, केव्हा व कोणाच्या अनुमतीने पाहावी, हा प्रश्न म्हणूनच नोंद ठेवण्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.