द्राक्षरस बरोबर काय?

जाँ बेगँ या फ्रेंच रसायनशिक्षकाच्या पुस्तकात १६१५ साली एक आकृती आली. पाऱ्याचं क्लोराइड आणि अँटिमनीचं सल्फाइड एकत्र तापवलं की कोण कोणाला सोडतं नि कोणाशी जुळतं, ते तिच्यात मांडलं होतं. रासायनिक समीकरणाची वंशावळ काही जण इथूनच सुरू करतात. मला ते पटत नाही. त्या आकृतीत जुळवाजुळव आहे, पण बरोबरी नाही.

बरोबरी आणली लव्हाझिएने. १७८९ च्या त्याच्या पाठ्यपुस्तकात, मद्य आंबवण्याच्या प्रकरणात, तो लिहितो: द्राक्षरस = कार्बनी आम्ल + अल्कोहोल. कार्बनी आम्ल म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. मग साखरेच्या पाण्याचा हिशेब मांडतो. पाणी ४०० पौंड, साखर १००, यीस्ट १०, एकूण ५१०. आंबून झाल्यावर अल्कोहोल ५७ पौंडांच्या थोडं वर, वायू ३५ च्या थोडा वर, शिवाय पाणी, उरलेली साखर, जरासं ॲसेटिक आम्ल आणि यीस्ट. बेरीज पुन्हा ५१०!

गंमत अशी, की आकडे चुकलेले आहेत. ४६ भाग अल्कोहोलमागे ४४ भाग वायू सुटतो, हे आज ठाऊक आहे; त्याचा वायू फारच कमी भरला. तरी बेरीज जुळली, कारण ती जुळलीच पाहिजे हे त्याने आधी धरलं होतं. आधी जेवढं द्रव्य तेवढंच नंतर, हे त्याच प्रकरणात त्याने स्वच्छ सांगितलंय. गडी करवसुली करणाऱ्या कंपनीतला भागीदार (त्यापायीच १७९४ साली गिलोटिनवर गेला). खतावणीची शिस्त रसायनात आली ती तिथूनच असावी.

पुढचं सगळं लिपीचं काम. मूलद्रव्यांच्या खुणा म्हणून डाल्टन काढायचा ती वर्तुळं मागे पडली, बर्झेलियसची अक्षरं १८१३-१४ पासून रुळली. अणूंचा आकडा तो अक्षराच्या डोक्यावर लिहायचा. लीबिगने १८३४ साली तो पायाशी आणला. दोन्हीकडे चालणाऱ्या क्रियेसाठी व्हॅन्ट हॉफने १८८४ साली दुहेरी बाण वापरले.

दहावीच्या मुलांनो, समीकरण संतुलित करताना तो पायाचा आकडा हलवू नका, फक्त सूत्राच्या पुढ्यातला बदला. एच टू ओ मधल्या ओ ला पायाशी दोन लावलात, तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं.