फोनमधला न दिसणारा कारभारी



ऐन मिरचीच्या हंगामात आमच्या बचत गटाचा फोन रुसला. काच फुटली नव्हती, बॅटरी चांगली होती, रिचार्जही होता. पण ज्या अ‍ॅपवर आम्ही ऑर्डरी घेतो, तिथे पाटी आली : हे अ‍ॅप यापुढे या फोनवर चालणार नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली." दोन दिवस ऑर्डरी अडकल्या. धडधाकट फोन जुना कसा होतो आणि ते ठरवतं कोण? याचा माग काढताना जे कळलं, ते आज सांगतो.

आपल्या वाणगाव स्टेशनातून डहाणूची लोकल जाते, लांब पल्ल्याची मेल जाते, मालगाडीही जाते. कुणाला आधी सोडायचं, कुणाला थांबवायचं, हे ठरवणारं कुणीतरी असतं म्हणून गाड्या सुरळीत जातात. फोनमध्येही तसंच आहे. गाणं चालू असतं, तेवढ्यात कॉल येतो, मागे फोटो उतरत असतो. कुणाची पाळी आधी, कुणाला किती जागा, हे बघणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम.

पूर्वी हा कारभार माणसंच करत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक सुरू झाला. प्रा. आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्याच तरुणांनी तो बांधला होता. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. आजच्यासारखी ऑपरेटिंग सिस्टिम मात्र नव्हती. कागदी पट्टीला भोकं पाडून गणित यंत्राला द्यायचं, एकाचं काम संपलं की माणसाने उठून दुसऱ्याचं लावायचं. तेवढा वेळ महागडं यंत्र रिकामं बसे.

१९६४ साली त्याच संस्थेत 'सीडीसी ३६००' हा अमेरिकन संगणक आला. आता कार्डांचे गठ्ठे एकामागून एक लावले, की पुढचं काम घ्यायला यंत्रातलाच प्रोग्रॅम तयार असे. गिरणीत डबे रांगेत ठेवावेत आणि गिरणीनेच एकेक उचलावा, तसं.

१९६९ साली आपल्या तारापूरला अणुवीज सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' लिहायला घेतली. तिच्यावर एकाच संगणकावर अनेक माणसं एकाच वेळी काम करू शकत.

इथपर्यंत ही सोयीची गोष्ट होती. पुढे ती धंद्याची झाली. १९८१ साली आयबीएमने आपला छोटा संगणक बाजारात आणला. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टने दिली, पण ती इतरांनाही विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. मग तसेच संगणक इतर कंपन्या बनवू लागल्या आणि प्रत्येकाला कारभारी मात्र मायक्रोसॉफ्टचाच लागला. पेटी बनवणाऱ्यापेक्षा किल्ली बनवणारा मोठा झाला.

१९९१ साली फिनलंडमधल्या लायनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स' लिहून सगळ्यांसाठी खुली केली. कुणीही घ्यावी, सुधारावी, पुढे द्यावी. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी काढलेली 'बॉस' ही सिस्टिम लिनक्सवरच उभी आहे. आपल्या बहुतेक फोनमधल्या अँड्रॉइडचा पायाही लिनक्सच. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली आला.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फटी सापडत राहतात. कंपनी त्या बुजवत राहते, त्यालाच आपण अपडेट म्हणतो. काही वर्षांनी कंपनी जुन्या सिस्टिमची डागडुजी थांबवते आणि अ‍ॅपवालेही तिची साथ सोडतात. फोन तोच असतो, कारभारी निवृत्त झालेला असतो.

ही अडचण फक्त आपलीच नाही. 'विंडोज एक्सपी'ची डागडुजी एप्रिल २०१४ मध्ये थांबली, तरी बऱ्याच एटीएममध्ये तीच चालू होती. शेवटी रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांना मुदत घालून दिली : जून २०१९ पर्यंत ती बदला. २०१७ च्या जूनमध्ये जगभर पसरलेल्या एका व्हायरसने उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. त्या व्हायरसने वापरलेली एक फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, त्यांच्या यंत्रांत शिरणं त्याला सोपं गेलं.

म्हणून गटाचा नवा फोन घेताना आम्ही किंमत आणि कॅमेऱ्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारल्या : यात अँड्रॉइड कितवं आहे, आणि अपडेट किती वर्षं मिळणार? पहिला प्रश्न ऐकून दुकानदार आमच्याकडे बघतच राहिला. तुम्हीही विचारा. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोनबद्दल तर नक्कीच विचारा. घरच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' उघडलंत, की हा आकडा दिसतो. अपडेटची सूचना आली की पुढे ढकलू नका, वायफाय किंवा पुरेसा डेटा असताना घेऊन टाका.

आणि हो, गटाचा हिशेब वहीतही लिहीत जा. त्या दोन दिवसांत कुणाला किती मिरची द्यायची, ते आम्हाला वहीनेच सांगितलं.