एबीएस: साठ वर्षं ‘ऑप्शनल’ राहिलेली गोष्ट

आजचा एपिसोड बाईकच्या प्राइस लिस्टवरच्या एका शब्दाबद्दल: ‘ऑप्शनल’. शोरूममध्ये सेल्समन सांगतो, “हे एबीएसवालं आहे, थोडे पैसे जास्त पडतील.” आणि आपण विचारतो, “खरंच गरज आहे का?” अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे बारा महिने बाईकवर फिरणाऱ्या माणसासाठी हा प्रश्न साधा नाही. उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

साल 1958. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने रॉयल एनफील्डची सुपर मीटिऑर घेतली आणि तिला डनलॉपचं मॅक्सारेट बसवलं. हे यंत्र मूळचं विमानाचं. ओल्या धावपट्टीवर उतरताना ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊन विमान घसरू नये, यासाठी केलेलं. त्यात कॉम्प्युटर नव्हता, सगळं मेकॅनिकल. चाक जाम व्हायला लागलं की ब्रेकचा दाब क्षणभर सुटायचा, चाक फिरलं की परत लागायचा.

बहुतेक चाचण्यांत बाईक कमी अंतरात थांबली. जास्त फरक पडला तो निसरड्या रस्त्यावर. तरी कंपनीच्या तांत्रिक प्रमुखांना यात भविष्य दिसलं नाही आणि विषय तिथेच संपला. गंमत म्हणजे तोपर्यंत याच एनफील्डची बुलेट आपल्याकडे मद्रासमध्ये तयार व्हायला लागली होती.

पुढे 1988 मध्ये बीएमडब्ल्यूने के100 या बाईकवर इलेक्ट्रॉनिक एबीएस दिलं. त्याचंच वजन सुमारे 11 किलो. भारतात 2011 मध्ये टीव्हीएसची अपाचे आरटीआर 180 एबीएससह आली, पण वेगळं, महाग व्हेरिअंट म्हणून. मग कायदा आला. 125 सीसीच्या वरच्या नव्या मॉडेल्सना 1 एप्रिल 2018 पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेल्सना 1 एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं झालं. भारतातल्या एनफील्डवर ते 2018 मध्ये आलं. म्हणजे त्या चाचणीनंतर बरोबर 60 वर्षांनी!

या 60 वर्षांत बदललं काय? ओला रस्ता 1958 मध्येही तेवढाच निसरडा होता. बदललं ते इलेक्ट्रॉनिक्सचं वजन, त्याची किंमत आणि शेवटी कायदा. म्हणून मला वाटतं, ‘ऑप्शनल’ या शब्दावरून फक्त किंमत आणि कायदा कुठवर आलेत ते कळतं. धोका किती आहे, हे त्यावरून कळत नाही. तो आपल्यालाच आपल्या रस्त्यावर बघावा लागतो.

आता मुद्दा 125 सीसी आणि त्याखालच्या गाड्यांचा. गावागावात याच जास्त दिसतात. त्यांच्यासाठी 2018-19 च्या नियमाने एबीएस किंवा सीबीएस, दोन्हींपैकी काहीही चालेल असं ठरवलं. नावं सारखी वाटली तरी कामं वेगळी आहेत. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो, बस. चाक जाम होणं ते थांबवत नाही. एबीएसमध्ये सेन्सर चाकाचा वेग सतत मोजतो आणि चाक जाम होतंय असं दिसलं की ब्रेक सेकंदात अनेकदा सोडतो-धरतो. हीरो एक्स्ट्रीम 125आर 2024 मध्ये आली, ती एबीएससह आणि एबीएसशिवाय, दोन्ही प्रकारांत. जवळपास सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं करायचा मसुदा केंद्राने 2025 मध्ये काढला.

आता आपला रस्ता बघा. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, कार्लेखिंडीची वळणं, काशीदजवळ रस्त्यावर पडलेली सुरूची पानं, मासळीच्या टेम्पोतून गळणारं पाणी. समोर अचानक गुरं आली की हात आपोआप ब्रेक आवळतो. त्या क्षणी कुठलंच ट्रेनिंग आठवत नाही. एबीएसला आठवण करून द्यावी लागत नाही, हाच त्याचा फायदा. मर्यादाही आहे: सुट्या वाळूवर किंवा खडीवर थांबायला जास्त अंतर लागू शकतं. आणि सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला असतं.

चोरीचं काय? इथे पश्चिम जर्मनीचा किस्सा भारी आहे. 1980 पासून तिथे हेल्मेट न घालणाऱ्याला दंड सुरू झाला. 1986 पर्यंत बाईकचोऱ्या साधारण एक तृतीयांशावर आल्या! कारण संधी दिसली म्हणून बाईक उचलणाऱ्या चोराकडे हेल्मेट नसायचं, आणि बिनहेल्मेटचा माणूस लगेच नजरेत यायचा. म्हणजे अनेक चोऱ्या ठरवून होत नव्हत्या, छोटा अडथळाही पुरत होता. त्यामुळे हँडल लॉक रोज लावणं आणि एक चांगलं डिस्क लॉक, इथून सुरुवात करा. जीपीएस ट्रॅकर गाडी गेल्यावर उपयोगी पडतो, म्हणून त्याचा नंबर नंतरचा.

माझा हिशोब असा. बजेट ठरलेलं असेल तर ब्लूटूथवाला कन्सोल सोडा, एबीएस घ्या. हव्या त्या मॉडेलला एबीएस नसेल तर तेच पैसे चांगले टायर आणि आयएसआय मार्कच्या हेल्मेटवर घाला. 2019 च्या आधीची सेकंड हँड गाडी बघत असाल तर “एबीएस आहे” या शब्दावर जाऊ नका. पुढच्या डिस्कजवळ सेन्सर आणि त्याची छिद्रांची रिंग दिसते का, ते वाकून बघा. किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी चालू लागल्यावर विझतो का, तेही तपासा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून चालवा.