जीप : बँटमच्या कारखान्यापासून आमच्या अंगणापर्यंत

आजचा भाग जरा घरगुती कारणातून निघालाय. आमच्या जीपच्या नोंदणीची मुदत संपत आलीय. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग करून घ्यावं लागतं, हरित कर भरावा लागतो. आईचं म्हणणं, "आता पुरे, भंगारात द्या तिला." माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचं म्हणणं, "बाबा, ही द्यायची नाही, मी हिला पठारावर घेऊन जाणार." मी मधल्या मध्ये. निर्णय घेण्याआधी वाटलं, ही गाडी मुळात आहे तरी काय ते नीट समजून घेऊ. त्यातून हा भाग तयार झाला.

आमची जीप म्हणजे महिंद्राची सीजे-थ्री-बी. उंच बॉनेट, आखूड चासी, वर ताडपत्रीचा हूड. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८६ साली सरकारी गाड्यांच्या लिलावात घेतली. स्टिअरिंग डाव्या हाताला. मागच्या फळकुटावर पांढऱ्या रंगात 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं लिहिलेलं, म्हणजे मागच्यानं जपून राहावं. भारतात गाड्या डावीकडून चालतात, मग आपल्याकडे बनलेल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे कसं? लहानपणी मी हा प्रश्न दादांना विचारला होता. ते म्हणाले, "ती अमेरिकेची लेक आहे." उत्तर अगदी बरोबर होतं, पण ते मला आत्ता कळलं.

तर आधी अमेरिकेत जाऊ. साल १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकी लष्कराला घोडा आणि साइडकारची मोटरसायकल, या दोघांच्या जागी एक हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. लष्करानं १३५ कंपन्यांना मागणीपत्र पाठवलं. अट काय, तर पहिला नमुना ४९ दिवसांत, आणि वजन १,३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलो. बहुतेकांनी तिकडं पाहिलंही नाही. ४९ दिवसांची अट मान्य केली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीनं. त्यांच्याकडे धड आराखडे करणारा माणूसही नव्हता. त्यांनी डेट्रॉईटचा कार्ल प्रॉब्स्ट हा स्वतंत्र काम करणारा अभियंता बोलावला. दोन दिवसांत मुख्य आराखडा कागदावर आला. २३ सप्टेंबर १९४० ला गाडी मेरीलँडमधल्या लष्करी तळावर हजर झाली. वजनाची अट अर्थातच पाळली गेली नव्हती. ती कुणालाच पाळता आली नसती. पुढे युद्धावर गेलेली जीप अकराशे किलोंच्या आसपासची होती.

गंमत पुढे आहे. गाडी बँटमची, पण लष्कराला भरवसा नव्हता की इतकी छोटी कंपनी हजारोंनी गाड्या देईल. मग विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोघांना बँटमची गाडी पाहू दिली गेली. विलीसकडे बार्नी रूस या अभियंत्यानं घडवलेलं 'गो डेव्हिल' इंजिन होतं, साठ अश्वशक्तीचं. त्या वर्गात तेच सगळ्यांत ताकदवान. शेवटी विलीसच्या नमुन्यावर शिक्का बसला, आणि तोच नमुना फोर्डनंही बनवला. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांवर जीपा बाहेर पडल्या. आणि बँटम? तिच्या वाट्याला जेमतेम अडीच-पावणेतीन हजार गाड्या, आणि नंतर जीपमागे जोडायचे ट्रेलर. ज्यानं विहीर खणली त्याला पोहऱ्याचं काम मिळालं, दुसरं काय.

आता या गाडीचं खरं वैशिष्ट्य लक्षात घ्या. युद्धातली गाडी बिघडणार, फुटणार, चिखलात रुतणार, हे धरूनच ती बनवली होती. पत्रे सपाट, म्हणजे कुठंही ठोकून सरळ करता येतील. सस्पेन्शन पाट्यांचं, म्हणजे एक पाटा तुटला तर तेवढाच बदला. विलीसच्या गाडीचे भाग फोर्डच्या गाडीला बसत. ही बाब पुढे आमच्या गावापर्यंत पोचणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा.

युद्ध संपलं आणि विलीसनं १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी जीप काढली, सीजे म्हणजे 'सिव्हिलियन जीप'. जगभर तिची भावंडं निघाली. इंग्लंडमध्ये मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर लष्करातली जुनी जीप वापरत होते. त्यातून १९४८ मध्ये लँड रोव्हर आली. जपानमध्ये टोयोटानं १९५१ मध्ये बीजे बनवली, तीच पुढे लँड क्रूझर झाली.

आणि भारतात? के. सी. महिंद्रा युद्धकाळात वॉशिंग्टनला भारताच्या पुरवठा खात्याचं काम पाहत होते. तिथं त्यांनी जीप जवळून पाहिली. १९४५ मध्ये त्यांनी, त्यांचे भाऊ जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी मिळून मुंबईत कंपनी काढली, 'महिंद्रा अँड मोहम्मद', तेव्हा पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. आद्याक्षरं तीच राहिली. याच सुमारास माझगावला विलीसचे सुटे भाग पेट्यांतून यायला लागले आणि जीपा जोडल्या जाऊ लागल्या. सुटे भाग अमेरिकेचे, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. हळूहळू एकेक भाग इथं बनू लागला, पण डावं स्टिअरिंग कितीतरी वर्षं तसंच राहिलं. अमेरिकेची लेक, ती अशी.

नव्या देशाला ही गाडी फार कामी आली. जिथं रस्ता नव्हता तिथं धरणाची मोजणी करायची होती, जमिनी मोजायच्या होत्या, लसीकरण करायचं होतं. तहसीलदार, बीडीओ, पोलीस, वनखातं, सगळ्यांकडे जीप. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात हवालदार अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे उडवले, तेही जीपवर बसवलेल्या तोफेनंच. खेड्यात मात्र जीप दिसली की पहिला अर्थ 'साहेब आले'. आणि निवडणुकीत दिसली की 'पुढारी आले'.

मग या सरकारी जीपा जुन्या झाल्या, लिलावात निघाल्या, आणि आमच्यासारख्यांच्या दारात आल्या. तिथं खरा दुसरा जन्म झाला. वडाप!

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्यांना हा शब्द सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, एसटी जिथं दिवसातून एकदा येते किंवा येतच नाही, तिथं माणसं भरून चालणारी खासगी जीप म्हणजे वडाप. आमचं गाव पाटण तालुक्यातलं, चढावरचं. दादांनी मागं दोन लाकडी बाकं बसवली, समोरासमोर. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलं. त्यात जगावेगळं काही नव्हतं, कारण कंपनीनंही आपल्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलेलं होतं. पेट्रोलचं इंजिन जाऊन ट्रॅक्टरचा आवाज आला. पुढच्या वळणावर असली तरी आई चहाचं आधण ठेवायची.

या गाडीचं मालक असणं म्हणजे काय, ते सांगतो. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे. एकानं पुढच्या चाकांना जोर, दुसऱ्यानं 'लो'. लो टाकलं की चाकांवरचा जोर जवळपास अडीचपट होतो आणि वेग तितकाच कमी. चिखलाच्या चढाला गाडी मुंगीसारखी चालते, पण चालते. डांबरी रस्त्यावर मात्र पुढचा जोर टाकून ठेवायचा नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे तो फरक मिटवणारं काही नाही, मग सगळी दांडकी पिळली जातात आणि दांडा अडकून बसतो. मग थोडं मागं घ्यायचं, तेव्हा सुटतो. पेट्रोलची टाकी होती, ती ड्रायव्हरच्या सीटखालीच.

बिघाडाचं म्हणाल तर रोजचं. एकदा मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला, मी सोबत होतो. दादांनी चार बोल्ट काढले, शाफ्ट खोलून बाकाखाली टाकला, पुढचा दांडा ओढला आणि नुसत्या पुढच्या चाकांवर आम्ही घरी आलो. मला वाटलं ही जादू आहे. दादा म्हणाले, "जादू नव्हं, पाना." मंडळी, माझ्या मते जीपच्या दणकटपणाचा अर्थ एवढाच. ती बिघडत नाही असं अजिबात नाही. ती सतत बिघडते. पण जिथं बिघडते तिथंच, लिंबाच्या झाडाखाली, एक पाना, एक हातोडा आणि एक जाणता माणूस यांच्या जोरावर उभी राहते. बटलरच्या कारखान्यात जे ठरलं होतं, ते आमच्या अंगणात पन्नास वर्षांनी खरं होत होतं.

इथवर सगळं गोड आहे. पण मुलाला मी एवढंच सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं.

१९९४ चा पावसाळा. बाजाराचा दिवस. आमच्या साडेसहा फूट चाकांतराच्या जीपमध्ये चौदा माणसं. सगळं वजन मागच्या चाकांच्या वर आणि मागे, म्हणजे पुढचं टोक हलकं, स्टिअरिंग हलकं. खालचा ओढा गुडघाभर होता, त्यातून गाडी काढली. आता जुन्या जीपचे ब्रेक ड्रमचे. पाण्यातून बाहेर आलं की ते धरत नाहीत. त्यासाठी थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवायची, म्हणजे घासून सुकतात. दादांना हे माहीत नव्हतं असं नाही, त्यांनीच मला ते शिकवलंय. पण मागून दुसरं वडाप येत होतं, पुढच्या फाट्यावर माणसं उभी होती. घाई केली. वळणावर ब्रेक मारला, एका बाजूचं चाक धरलं, दुसऱ्या बाजूचं नाही. गाडी खेचली गेली आणि भाताच्या खाचरात आडवी झाली.

कुणी दगावलं नाही. चिखलानं वाचवलं. पण आमच्या आळीतल्या एका मावशींचा हात बाकाखाली सापडला. तो पुढे कधी सरळ झाला नाही. गाडी खासगी नंबरची, माणसं पैसे घेऊन बसवलेली, म्हणजे कायद्यानं चूकच. विम्याचा प्रश्नच नव्हता. दवाखान्याचा खर्च दादांनी केला, त्यासाठी म्हैस विकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही बाकं खोलली आणि माळ्यावर टाकली. वडाप बंद. त्या दिवसाबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत. मावशी मात्र सणाला घरी यायच्या, डाव्या हातानं ताट धरायच्या.

म्हणून आज कुणी या गाड्यांना नुसतं 'दणकट' म्हटलं की मी थोडा अडखळतो. गाडी दणकट होती. आत बसलेली माणसं नव्हती. पट्टा नाही, दार नाही, डोक्यावर ताडपत्री. त्या आडव्या गाडीला आम्ही दोर बांधून सरळ केलं, आणि ती स्वतःच्या चाकांवर घरी आली. मावशी बैलगाडीतून आल्या.

आता थोडं आजकडे येऊ. २०१० मध्ये महिंद्रानं थार आणली, २०२० मध्ये तिचा नवा अवतार आला, एअरबॅगा आणि पट्ट्यांसह. तिकडे अमेरिकेत आणखी मजा झाली. २०१८ मध्ये महिंद्रानं रॉक्सर नावाची, रस्त्यावर न चालवायची गाडी विकायला काढली. जीपचं नाव तोवर हातोहात फिरत फियाट-क्रायस्लरकडे गेलं होतं. त्यांनी तक्रार केली की ही आमच्या जीपसारखी दिसते. २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं ती तक्रार मान्य केली आणि रॉक्सरला चेहरा बदलावा लागला. जिचे सुटे भाग अमेरिकेतूनच पेट्यांत भरून आले, तिला अमेरिकेत सांगितलं गेलं की तू जीपसारखी दिसू नकोस! बँटमचा आत्मा कुठं असेल तर हसला असेल.

मग आमच्या जीपचं काय ठरलं? ठेवायची. पण दोन अटींवर. पहिली, पासिंगच्या आधी चारही ड्रम मुलानं स्वतः उतरवायचे, सिलिंडर बदलायचे आणि परत बसवायचे, मी फक्त स्टुलावर बसणार. दुसरी, पुढच्या दोन सीटना पट्टे, आणि मागं माणूस बसवायचं नाही. पहिली अट त्यानं आनंदानं घेतली. गेले दोन रविवार त्याची नखं काळी आहेत. परवा त्यानं ओढ्यातून गाडी काढली आणि मी काही न बोलता त्याच्या पायाकडे बघत राहिलो. त्याचा पाय ब्रेकवर हलका टेकलेला होता.

काल तो माळ्यावर काहीतरी शोधायला चढला आणि त्याला ती बाकं सापडली. वरूनच ओरडला, "बाबा, ही बसवूया की, मित्रांना नेता येईल." मी त्याला खाली बोलावलं, समोर बसवलं, आणि खाचरातली सगळी गोष्ट पहिल्यांदा नीट सांगितली. बाकं माळ्यावरच आहेत.

तुमच्याकडे जुनी जीप असेल, वडापची आठवण असेल, तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.