शरीराची बाराखडी : तालमीपासून तासिकेपर्यंत

मल्लखांबाला एरंडेल चोळतात, ते घर्षणाने अंग सोलवटू नये म्हणून. नवख्या पोराला मात्र त्या तेलाची भीतीच वाटते. हात निसटतो, मांडी निसटते. मग केव्हातरी अढी जमते : पायांनी खांब धरून हात मोकळे सोडायचे आणि उलटे लोंबकळताना जमीन कुठे आहे हे न पाहता ओळखायचे. जोर-बैठकांनी बळ येते. तोल, पकड आणि न लागता पडणे ही मुळाक्षरे खांबावरच गिरवली जातात.

खांब मूळचा मल्लांचा. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मल्लस्तंभाचा उल्लेख सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे रूप दिले, असे परंपरा सांगते. त्यांना सप्तशृंगीच्या डोंगरावर माकडांच्या कसरतींतून ही विद्या सुचली, ही कथा तालमीत आजही चवीने सांगितली जाते. ती दंतकथाच मानावी. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. खांब हा असा प्रतिस्पर्धी आहे, की तो उलटून डाव टाकत नाही. किडकिडीत मुलालाही त्याच्याशी दिवसभर झटता येते. पैलवानांचे हे पूरक साधन मुलांचे झाले, त्याचे एक कारण इथे असावे.

वस्तादाची विद्या शाळेत कशी आली, हे एका गुरुशिष्याच्या जोडीतून नीट दिसते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकरावांच्या हाताखाली 1907 ते 1910 या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकत होता. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद. 1924 साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभारले आणि 1937 साली मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले. पाठोपाठ 1938 मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. दरम्यान अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (1914), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (1924), दादरचे समर्थ व्यायाम मंदिर (1925) अशा संस्था उभ्या राहिल्याच होत्या.

ज्या मुलाच्या आळीत तालीम नव्हती, किंवा असूनही ज्याला तिच्या उंबऱ्याशी संकोच वाटे, त्याला शाळेच्या मैदानावर हक्क मिळाला. हे थोडे नव्हे. पण वस्ताद एकेका पोराकडे पाही. खांदा चुकला की हाताने सरळ करी. तासिकेत शिट्टी एक आणि मुले चाळीस. ज्याला आधीपासून येते तो पुढच्या रांगेत, न येणारा मागे लपतो, आणि वर्षाअखेर दोघांच्याही नावापुढे गुण पडतात. मागच्या रांगेतल्या मुलाने शाळा सुटल्यावर व्यायामाचे नाव काढले नाही, तर त्याला आळशी म्हणणे सोपे आहे.

याच सुमारास बडोद्याहून आबासाहेब मुजुमदारांचा व्यायामज्ञानकोश निघत होता. 1936 ते 1949 या काळात त्याचे दहा खंड झाले. एवढा प्रचंड उद्योग मराठीत झाला याचा अभिमान वाटतो. तरी पुस्तक वाचून साधी उडी येत नाही. खाली कुणीतरी हात पसरून उभे लागते.

मुलींच्या वाट्याला हे अक्षरज्ञान उशिरा आले, तेही बहुतांशी दोरीवरून. पूर्वी वेताचा मल्लखांब असे. चांगला वेत मिळेनासा झाला तशी सुती दोरी आली आणि ती मुलींचीच मानली गेली. पुरलेला खांब मुलांचा, ही वाटणी फार काळ टिकली. शरीराला तिचा काही आधार नव्हता. आता मुली खांबावरच्या स्पर्धांतही उतरतात. फेब्रुवारी 2019 मध्ये शिवाजी पार्कवर जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, तेव्हा परदेशी खेळाडूही आले होते. त्यांची भाषा निराळी, पण सुरुवात त्यांनीही अढीपासूनच केलेली.